आपापल्या दारापुढचं

पुण्यात बर्फ दोनच ठिकाणी मिळतो. एक गोळ्याच्या गाडीवर आणि दुसरा उसाच्या रसात, तोही "बिनबर्फाचा द्या" असं सांगायला विसरलं तर. त्यामुळे आमच्या मासिकाच्या मराठी विभागात 'बर्फातली पायपीट' हा विषय मी लिहायला घेतला, तेव्हा संपादक मंडळातल्या ज्युनिअरने "दादा, तू पासआउट झालास तरी पीजे मारायचे सोडले नाहीस" असं तोंडावर सांगितलं. पण मंडळी, हा पीजे नाही. मी खरोखर बर्फातून चाललो आहे, घोट्यापर्यंत नाही, गुडघ्यापर्यंतच्या. आणि त्या चालण्याचा संबंध थेट आमच्या नवी पेठेतल्या एका चेंबरच्या झाकणाशी आहे. कसा, ते सांगतो.

टी.ई.ला असताना, म्हणजे २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये, एका सेमिस्टरसाठी मी म्युनिकला गेलो. हॉस्टेल मिळालं नाही. शहराच्या पश्चिमेला पासिंग नावाचं उपनगर आहे, तिथे एका जुन्या तीन मजली घरात माळ्यावरची खोली मिळाली. भाडेकरार अकरा पानांचा, आणि जर्मन भाषेत. माझं जर्मन 'दोन कॉफी द्या' या पातळीचं असल्यामुळे मी आपल्या पद्धतीप्रमाणे शेवटच्या पानावर सही करून मोकळा झालो. (आपण सगळे सॉफ्टवेअर इन्स्टॉल करताना जे करतो तेच. हसू नका.)

त्या करारात एक शब्द होता : रॉयम-उंट-श्ट्रॉयफ्लिष्ट. शब्द फुटपाथपेक्षा लांब आहे, पण अर्थ सोपा. घरापुढच्या फुटपाथवरचा बर्फ काढायचा आणि त्यावर खडी पसरायची, हे कर्तव्य. कोणाचं? घरमालकाचं. मालक ते करारात लिहून भाडेकरूंवर ढकलू शकतो, आणि आमच्या मालकाने ढकललं होतं. शहराच्या मध्यभागी हे काम नगरपालिकाच करते, पण बाहेरच्या भागात ज्याचं घर त्याचा फुटपाथ. सोमवार ते शनिवार सकाळी सातच्या आत, रविवारी आठच्या आत. संध्याकाळी आठपर्यंत बर्फ पडत राहिला तर पुन्हा पुन्हा. दोन माणसं एकमेकांना ओलांडून जाऊ शकतील एवढी वाट मोकळी पाहिजे. मीठ टाकायचं नाही, झाडांना त्रास होतो. बारीक खडी टाकायची. आणि तुमच्या दारापुढे कोणी घसरून पडलं तर जबाबदार तुम्ही.

जिन्याखाली एक पाटी टांगलेली असायची, ज्याची पाळी त्याच्या दारावर ती जायची. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात ती माझ्या दारावर आली. मी खूश. फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकला. 'बर्फ काढायची पाळी' वगैरे. बर्फ काही पडला नव्हता तोवर.

शुक्रवारी, १ डिसेंबरला सुरुवात झाली. आधी मजा वाटली. आपण सिनेमात बघतो तसा, भुरुभुरु. रात्री झोपताना खिडकीच्या कडेला चार बोटं साठला होता. शनिवारी पहाटे सहाला अलार्म वाजला आणि मी खिडकी उघडली, तर खालच्या गाड्या नाहीशा झाल्या होत्या. गाड्या होत्या, पण त्यांच्या जागी पांढरे उंचवटे. त्या दिवशी म्युनिकमध्ये ४४ सेंटिमीटर बर्फ मोजला गेला. डिसेंबर महिन्यातला तो तिथला विक्रम. विमानतळ बंद, लोकल बंद, ट्राम बंद, बस बंद. बायर्न म्युनिकची मॅचसुद्धा रद्द झाली, आणि जर्मनीत फुटबॉलची मॅच रद्द होणं म्हणजे पुण्यात गणपतीची मिरवणूक रद्द होण्यासारखं आहे. जमिनीखालची मेट्रो तेवढी बरीचशी चालू होती.

मी फावडं घेऊन खाली उतरलो. अंधार होता, तिथे डिसेंबरात पावणेआठच्या सुमाराला उजाडतं. आपण फ्रीजमधल्या बर्फावरून अंदाज बांधतो, पण ताजा बर्फ वेगळा. पहिली दहा फावडी कापसासारखी, पुढची दहा ओल्या वाळूसारखी, आणि विसाव्यानंतर कंबर बोलायला लागते. वर काढलेला बर्फ रस्त्यावर फेकायचा नाही, फुटपाथच्या कडेला रचायचा. सातला पाच मिनिटं कमी असताना माझी वाट झाली. वाकडीतिकडी, एका ठिकाणी अरुंद, पण झाली. बादलीतली खडी पसरली. वर्कशॉपमध्ये पहिला जॉब पूर्ण केल्यावर जसं वाटतं ना, दोन मिलिमीटर चुकलाय हे माहीत असूनही, तसं वाटलं.

आणि मग तळमजल्यावरच्या आजीबाई बाहेर आल्या. वय ऐंशीच्या घरात. चार चाकांची ढकलगाडी धरून चालायच्या. मला वाटलं, एवढ्या बर्फात या कुठे निघाल्या? तर कोपऱ्यावरच्या बेकरीत. रोज जातात तशा. त्यांनी दारात उभं राहून माझ्या वाटेकडे एक नजर टाकली, अरुंद जागेकडे बोट दाखवलं, मी ती जागा रुंद केली, आणि त्या निघाल्या. काही कौतुक नाही, आभार नाहीत. रस्ता असतो, तशी ती वाट त्यांनी वापरली. आमच्या घराची हद्द संपली, शेजारच्याने काढलेली वाट सुरू झाली, मग त्याच्या शेजारच्याची. अशा सात-आठ जणांच्या तुकड्या जोडून त्या बाई ब्रेड घेऊन आल्या.

मी फावडं धरून बघत राहिलो आणि पोटात काहीतरी खड्डा पडल्यासारखं झालं. कारण त्याच वेळी मला आमची आजी आठवली. ते सांगतो, पण आधी त्या दिवसाची पायपीट पुरी करू.

आमच्याच बॅचचा एक मित्र म्युनिकला माझ्याबरोबर आला होता. तो राहायचा लाइमर प्लाट्झजवळ, माझ्याकडून तीन किलोमीटर. दोन दिवस तापाने फणफणला होता आणि दहाच्या सुमाराला त्याचा फोन आला, "घरात काही नाही रे. बिस्किटं संपली." दुसऱ्या दिवशी रविवार, म्हणजे तिथे दुकानं बंद. मी मुगाची खिचडी लावली, डब्यात भरली, डबा टॉवेलमध्ये गुंडाळला, आईने दिलेल्या क्रोसिनच्या दोन पट्ट्या खिशात टाकल्या आणि निघालो. ज्या आग्नेस-बेर्नाउअर रस्त्यावरून एरवी १९ नंबरची ट्राम धावते, त्या सरळ रस्त्याने चालत. एरवी पाऊण तासाचं अंतर.

दोनशे मीटरमध्ये दोनदा आपटलो. खिचडी वाचली, कोपर नाही. तेव्हा एका माणसाने मला थांबवून हात अंगाला चिकटवून, पाय फाकवून, डुलत डुलत चालून दाखवलं. पेंग्विनसारखं. भर रस्त्यात एक पन्नाशीचा गृहस्थ पेंग्विन होऊन मला शिकवतोय! पण मित्रहो, यात पहिल्या वर्षाचं अप्लाइड मेकॅनिक्स आहे. आपण नेहमी साधारण ७० सेंटिमीटरचं पाऊल टाकतो. म्हणजे पाय टेकताना तो शरीराच्या ३५ सेंटिमीटर पुढे असतो. पायाची लांबी ९० धरली, तर पस्तीस भागिले नव्वद, म्हणजे घर्षणांक निदान ०.३९ तरी पाहिजे, नाहीतर पाय पुढे निसटणार. कोरड्या काँक्रीटवर रबरी तळव्याला तो सहज मिळतो. ओल्या बर्फावर ०.१ मिळाला तरी नशीब. आता पाऊल २० सेंटिमीटरचं करा : दहा भागिले नव्वद, ०.११. झालं! पेंग्विनला मेकॅनिक्सचा पेपर नाही म्हणून त्याला हे आपसूक येतं.

ज्यांनी वाट काढलेली होती त्यांच्या दारापुढून मी नीट चाललो. जिथे नव्हती, तिथे आधी गेलेल्या कोणाच्या तरी पावलांच्या खड्ड्यात पाऊल घालत गेलो. आणि त्या तीन किलोमीटरमध्ये मला प्रत्येक घराचा स्वभाव कळला. एकाने भिंतीपासून कडेपर्यंत पूर्ण रुंदी साफ केलेली, जणू अंगण. एकाने मोजून एक मीटर. एकाने फक्त आपल्या गेटपासून आपल्या गाडीपर्यंत. (हा पुण्याचा असणार, असं मनात आलं.) आणि एका घरापुढे काहीच नाही. तिथे सगळे लोक रस्त्यावर उतरून, ट्रामच्या रुळांवरून, पुन्हा वर चढत होते. एक बाई बाबागाडी उचलून नेत होती. सगळ्या रस्त्यावर एकच घर न केलेलं, पण त्या साखळीची ताकद त्या एका कडीएवढीच होती. बाबागाडीवालीला मागच्या चाळीस घरांचा काय उपयोग?

पाऊण तासाला पावणेदोन तास लागले. मित्राने खिचडी खाल्ली, "मीठ कमी आहे" म्हणाला, तेव्हा कळलं की तो बरा होणार.

उगाच जर्मनीचे गोडवे गात नाही. ट्राम पुढे काही दिवस अडखळतच होत्या. रस्त्यावरच्या गाड्यांसाठी जो बर्फ बाजूला लोटला गेला तो बऱ्याच ठिकाणी फुटपाथच्या तोंडाशीच ढीग होऊन बसला. तीन दिवसांनी गोठणारा पाऊस आला, विमानतळ पुन्हा अर्धा दिवस बंद, आणि अख्खं शहर पेंग्विन झालं. तिथेही चालणारा माणूस शेवटीच मोजला जातो. फक्त त्याच्या वाटेचा मालक कोण, हे ठरलेलं असतं.

आता आजी.

आमची इमारत नवी पेठेत. तळमजल्यावर तीन दुकानं, वर बारा बिऱ्हाडं. आजी पहिल्या मजल्यावर आमच्याबरोबर. तिचा एक नेम होता : रोज संध्याकाळी कोपऱ्यावरच्या मारुतीला जायचं. घरापासून देवळापर्यंत तिची २१२ पावलं. (मी लहानपणी तिच्याबरोबर मोजलेली. इंजिनिअर होणार हे तेव्हाच दिसत होतं, असं बाबा म्हणतात. कौतुकाने नव्हे.) देवळाबाहेरच्या बाकावर तिच्या तीन मैत्रिणी. सुनांचा, गुडघ्यांचा आणि सिरियलचा आढावा घेऊन सात वाजता परत.

आमच्या गेटपासून सात-आठ पावलांवर फुटपाथमध्ये पावसाळी गटाराचं एक चेंबर आहे. त्याचं झाकण कधीतरी तुटलं. अर्धं राहिलं, अर्धं गेलं. शेजारचे पेव्हर ब्लॉक खचले. त्या ब्लॉकांचं पाऊस पडल्यावर काय होतं ते पुण्यात चालणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे : दिसायला सपाट, पाऊल पडलं की डुगडुगतो आणि चिखलाची पिचकारी थेट पँटीवर. आम्ही सगळे ते चेंबर ओलांडायला शिकलो होतो. मी तर डोळे मिटून ओलांडायचो, डावा पाय ब्लॉकवर, उजवा थेट पलीकडे. दोन वर्षं. त्यात माझी जर्नलं पूर्ण झाली, दोन प्रोजेक्ट झाले, एका प्रोजेक्टचं नाव तर 'स्मार्ट ड्रेनेज मॉनिटरिंग' होतं. सेन्सर लावून चेंबर भरलं की मोबाइलवर मेसेज. त्याला इंटर-कॉलेज स्पर्धेत दुसरं बक्षीस मिळालं. प्रमाणपत्र घेऊन घरी येताना मी तेच झाकण ओलांडून आलो होतो.

२०२२ च्या ऑगस्टमध्ये आजी तिथे पडली. पाणी साचलेलं होतं, खाली काय आहे दिसलं नाही. उजवं मनगट मोडलं. सहा आठवड्यांनी प्लास्टर निघालं, हात बरा झाला. पण आजी मारुतीला गेली नाही. "आज नको, पाऊस आहे." "आज नको, गर्दी आहे." हिवाळा आला तरी "आज नको." मग आम्ही विचारायचं सोडलं. मैत्रिणी दोनदा घरी येऊन गेल्या, त्याही गुडघेवाल्या, जिना चढून किती येणार?

ती गॅलरीत बसायला लागली. आणि तिथे बसून तिने एक नवीन काम सुरू केलं. पाऊस पडून पाणी साचलं, की येणाऱ्या-जाणाऱ्याला वरून ओरडून सांगायचं, "अहो बाई, भिंतीच्या बाजूने! तिथे खड्डा आहे!" "ए बाळा, उजवीकडून, उजवीकडून!" लोक वर बघायचे, हसायचे, हात करायचे. आम्ही तिला 'ट्रॅफिक सिग्नल' म्हणायचो. चेष्टेने. आज ते लिहिताना बरं वाटत नाही.

म्युनिकमध्ये त्या शनिवारी रात्री मी आजीला व्हिडिओ कॉल केला. पुण्यात मध्यरात्र उलटली होती, पण तिला झोप येत नाही. मी फुशारकी मारत सगळं सांगितलं : फावडं, खडी, सातच्या आत, दारापुढचं आपणच करायचं. तिने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "म्हणजे सडाच की रे."

"म्हणजे?"

"आम्ही वाड्यात सकाळी उठून दारापुढे झाडायचो, सडा घालायचो. रांगोळी काढायचो ती उंबऱ्याच्या आत नव्हे, बाहेर. जाणाऱ्या-येणाऱ्याच्या पायाखाली. वाड्यातल्या कोणी एक दिवस केलं नाही, तर शेजारची विचारायची, बरं नाही का म्हणून. तुमच्या या फ्लॅटमध्ये दार कुठे संपतं तेच कळत नाही."

मी विचारलं, "आजी, ते खालचं झाकण बसवलं का कोणी?"

"कोण बसवणार?" ती म्हणाली. टोमणा नव्हता त्यात. खरंच विचारत होती.

मार्चमध्ये परत आलो. सगळ्यांना फोटो दाखवले, जर्मन लोक किती शिस्तीचे यावर कट्ट्यावर तीन लेक्चरं झोडली. झाकणाचं काय केलं? काही नाही. प्लेसमेंटची तयारी होती. मे महिना तर कोरडा होता.

मग २५ जुलै २०२४ आला. पुणेकरांना ही तारीख सांगायला नको. आदल्या रात्रीपासून पाऊस थांबलाच नव्हता. खडकवासल्यातून ३५ हजार क्युसेक्सच्या आसपास पाणी सोडलं गेलं, सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत घरांमध्ये पाणी शिरलं, मदतीला लष्कर आलं. भिडे पूल नेहमीप्रमाणे पाण्याखाली. शाळांना सुट्टी. आणि पहाटे डेक्कनजवळच्या पुलाची वाडीत हातगाडी हलवताना तीन जण विजेच्या धक्क्याने गेले. म्युनिकमध्ये चुकीचं पाऊल पडलं तर कोपर सोलवटतं. इथे पाण्यात पाऊल टाकताना काय काय आहे खाली? चेंबर, सळई, वायर?

सकाळी नऊच्या सुमाराला आमच्या रस्त्यावर पिंढरीपर्यंत पाणी होतं. गढूळ, चहासारखं. फुटपाथ आणि रस्ता एकच झालेला. बर्फाने जे केलं होतं तेच पाण्याने केलं होतं : खालचं सगळं झाकून वर एकसारखं सपाट करून टाकलं होतं. आजी गॅलरीत. खाली एक मुलगा चालला होता, पाठीवर सॅक, बारावीतला असेल. आजी ओरडली. पावसाचा आवाज एवढा होता की मलाच आतल्या खोलीत ऐकू आलं नाही. ती उभी राहून, कठड्यावरून वाकून, दोन्ही हात हलवत होती. मुलाने वर पाहिलंच नाही.

तो मांडीपर्यंत आत गेला. एक पाय. हात टेकले म्हणून थांबला. मी आणि खालचा स्टेशनरीवाला धावलो, त्याला ओढून काढलं. नडगी सोलली होती, बूट आत राहिला. तो थरथरत होता आणि "थँक यू काका, थँक यू दादा" म्हणत होता. त्याला टाके पडले, बाकी ठीक. मी वर आलो तेव्हा आजी खुर्चीत बसली होती आणि रडत होती. "मी ओरडले रे. मी ओरडत होते." एवढंच.

मी काय बोलणार? दोन वर्षं तिच्या ओरडण्यावर आम्ही एक झाकण भागवत होतो.

मी एक मोडकी प्लास्टिकची खुर्ची घेतली, बांबू घेतला आणि खाली गेलो. विजेच्या डबीपासून आणि खांबांपासून लांबून, बांबूने चाचपत चाचपत. खुर्ची चेंबरवर उलटी घातली, तिला झाडाची फांदी आणि लाल फडकं बांधलं. ही आपली पुणेरी खूण, कोणालाही कळते.

संध्याकाळी वीज नव्हती. मेणबत्तीच्या उजेडात आजीने पानशेत सांगितलं. १२ जुलै १९६१ ला धरण फुटलं तेव्हा ती दहा वर्षांची होती, घर शनिवारातलं. तिचे वडील तिला हाताला धरून पर्वतीकडे घेऊन निघाले. "अण्णांच्या हातात काठी होती. काठी आधी, मग त्यांचं पाऊल, आणि त्यांनी पाय उचलला की तिथेच माझं. दुसरीकडे ठेवायचं नाही." नेमकं असंच मी त्या डिसेंबरात अनोळखी जर्मन माणसांच्या पावलात पाऊल घालत गेलो होतो. "आणि पाणी उतरल्यावर चिखल," ती म्हणाली, "गुडघाभर. प्रत्येकजण आधी आपापल्या दारापुढचा काढत होता. कोणी सांगायला आलं नव्हतं."

रविवारी मी सोसायटीची मीटिंग बोलावली. वयाच्या एकविसाव्या वर्षी सोसायटीची मीटिंग बोलावणं हे धाडसाचं काम आहे, व्हायवा परवडला. अर्धा तास चर्चा 'फुटपाथ आपला आहे का' यावर झाली. दुसऱ्या मजल्यावरचे काका म्हणाले, "आपण कर भरतो. आज आपण केलं, तर उद्या कोणीच करणार नाही. उलट चुकीचा पायंडा पडेल." काकांचं म्हणणं खोटं नाही. पुण्याचं पादचारी धोरण २०१६ मध्येच झालेलं आहे. ११ डिसेंबर २०२१ ला लक्ष्मी रस्त्यावर वाहनं बंद ठेवून पादचारी दिन साजरा झाला. जंगली महाराज रस्त्यावरचा रुंद फुटपाथ बघा, करायचं ठरलं की होतं. ते काम ज्यांचं त्यांनीच केलं पाहिजे आणि आपण ते मागितलंच पाहिजे. मी म्हटलं, "काका, अर्ज तुम्हीच लिहा, तुमच्याइतका कडक कोणी लिहिणार नाही. पण अर्जाचं उत्तर येईपर्यंत आजी ओरडत बसणार का?"

कोणी काही बोललं नाही. त्या मुलाला पडताना तिघांनी पाहिलं होतं.

काकांनी अर्ज लिहिला. शुद्ध मराठीत, साडेतीन पानं. दुकानदार आणि बिऱ्हाडं मिळून वर्गणी काढली, गवंडी आणला, दोन जाड शहाबादी फरश्या चेंबरवर बसवल्या, उचलता येतील अशा, पाणी आत जायला फट ठेवून. खचलेले ब्लॉक काढून खाली खडी-वाळू ठोकून पुन्हा बसवले. हे आम्हीच केलं, सहा जणांनी. पेव्हर ब्लॉक डुगडुगतो तो ब्लॉकमुळे नाही, खालची वाळू वाहून जाते म्हणून. चार वर्षांत मी जमिनीत प्रत्यक्ष बसवलेली ही पहिली गोष्ट. बक्षीस नाही मिळालं. गणपतीनंतर एक दिवस नवीन लोखंडी झाकणही येऊन बसलं. ते आपल्याच अर्जामुळे, असं काका सगळ्यांना सांगतात. असेलही.

श्रावणातल्या शनिवारी मी आजीला म्हटलं, "चल, मारुतीला." ती दारापर्यंत आली, परत फिरली, चष्मा घेतला, छत्री घेतली, पुन्हा थांबली. मग उतरली. भुरभुर पाऊस होता. मी तिला पेंग्विनचं चालणं शिकवलं, छोटी पावलं, अंगाचा भार पुढच्या पायावर. ती म्हणाली, "मी गेली दहा वर्षं अशीच चालते, तुला आज दिसलं."

फरश्यांपाशी आल्यावर तिने माझी बाही धरली. घट्ट. छत्रीचं टोक फरशीवर दोनदा आपटून पाहिलं. काठी आधी. मग पाऊल. मग दुसरं. आणि मग बाही सोडली.

पूर्वी तिची २१२ पावलं व्हायची. त्या दिवशी मी ३४० पर्यंत मोजली आणि मग मोजायचं सोडलं, कारण देऊळ अजून लांब होतं आणि ती थांबली होती. शेजारच्या इमारतीपुढे एक ब्लॉक निघून उभा राहिला होता. तिने छत्रीने तो दाखवला.

"हे कोणाच्या दारापुढचं रे?"